तोट्याची उतरंड

'पुरवठा साखळी' हा शब्दप्रयोग २०२० पूर्वी व्यवस्थापनशास्त्राच्या वर्गाबाहेर क्वचितच ऐकू येई. त्या वर्षीच्या मार्चनंतर तो मंत्र्यांच्या निवेदनांत, उद्योगपतींच्या मुलाखतींत आणि वृत्तपत्रांच्या मथळ्यांत नित्याचा झाला. साखळी तुटली आहे, ती सांधली पाहिजे, आणि सांधायची तर कामगार कायद्यांचे अडसर दूर केले पाहिजेत, असा युक्तिवाद त्याच ओघात मांडला गेला. गुजरात सरकारने तर एप्रिल २०२० मध्येच अधिसूचना काढून कारखान्यांना बारा तासांचा दिवस आणि जादा कामाला साध्याच दराने मजुरी अशी मुभा देऊन टाकली. ती सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २०२० रोजी रद्द ठरवली. या साऱ्या गदारोळात साखळीच्या कोणत्या कड्या तुटल्या, कोणत्या नुसत्या ताणल्या गेल्या आणि कोणत्या पूर्वीपेक्षा बळकट होऊन बाहेर पडल्या, हे विचारण्याची निकड फारशी कोणाला भासली नाही. वस्तुतः महामारीच्या अर्थशास्त्राचा सारा मुद्दा या प्रश्नातच सामावलेला आहे.

कापडाचे उदाहरण घ्यावे. देशातील यंत्रमागांपैकी निम्म्याच्या आसपास माग महाराष्ट्रात आहेत. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर, विटा या गावांचा संसार त्यांच्यावर चालतो. कागदोपत्री हा लघुउद्योग असला, तरी यातला बहुसंख्य मागधारक कापडाचा मालक नसतोच. इचलकरंजीकडे त्याला 'खर्चीवाला' म्हणतात. सूत व्यापाऱ्याचे असते. सायझिंगमधून भरलेले बिम त्याच व्यापाऱ्याच्या खात्यावर खर्चीवाल्याच्या दारात येते. तो ते आपल्या मागावर विणतो आणि मजुरी घेतो; तीही पिकावर, म्हणजे कापडाच्या दर इंचात जितके आडवे धागे बसतील त्या हिशेबाने, पैशांत मोजलेली. विजेचे बिल, मागाची दुरुस्ती, जागेचे भाडे आणि कामगाराचा पगार हे सारे त्याने त्यातूनच भागवायचे. व्यापारी त्याचे पैसे महिन्या-दोन महिन्यांनी, सवडीने देतो. खर्चीवाल्याच्या हाताखाली एकटाच चार, सहा, कधी आठ माग सांभाळणारा विणकर असतो, कांड्या भरणारा कांडीवाला असतो, बिमाचे हजारो धागे एकेक करून ओवणारा वहिफणी कामगार असतो, जॉबर असतो, गाठी उचलणारा हमाल असतो. विणकराची मजुरी विणलेल्या मीटरवर; पाळी सर्रास बारा तासांची. आणि या सर्वांच्याही खाली, हिशेबाच्या कोणत्याच वहीत नसलेली, खानावळ चालवणारी बाई असते. भिवंडीत या खानावळींना 'बिसी' म्हणतात. परगावचे विणकर तेथे दोन वेळ जेवतात आणि पगार झाला की पैसे चुकते करतात. तोवरचे धान्य, तेल, गॅस ती बाई वाण्याकडून उधारीवर आणते.

२४ मार्च २०२० रोजी रात्री आठ वाजता टाळेबंदी जाहीर झाली आणि चार तासांनी अमलात आली. अर्धवट विणलेली बिमे मागांवर तशीच राहिली. यापुढे काय घडले ते पाहायचे तर पैशाच्या मागे जावे लागते. व्यापाऱ्याचा माल गोदामात आणि प्रोसेस-हाउसमध्ये अडकला, मुंबईचा बाजार बंद झाला, उधारी थकली. त्याचाही तोटा झाला, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु त्याच्यापाशी एक सोय होती, ती म्हणजे खालच्याला न देण्याची. फेब्रुवारी-मार्चमध्ये विणून पोचवलेल्या कापडाची मजुरी त्याने थांबवली. खर्चीवाल्यापाशीही तीच सोय होती, पण एकच पायरी शिल्लक होती. त्याने कामगाराच्या हातावर थोडीशी उचल टेकवली आणि उरलेला हिशेब माग सुरू झाल्यावर, असे सांगितले. कामगाराने चार-सहा आठवडे वाट पाहिली आणि तो गावी निघाला. जाताना खानावळीचे देणे त्याला देता आले नाही. राहिली ती बाई आणि तिच्या नावावरची वाण्याची उधारी. तिच्याखाली कोणी नव्हते. प्रत्येकाने आपला तोटा खालच्याच्या पदरात टाकला आणि ज्याच्या पदराखाली जमीनच होती त्याच्यापाशी तो साचला. ही कोणाच्या दुष्टपणाची कथा नव्हे. ज्या व्यवहारात वरच्याने खालच्याचे पैसे नेहमीच थकवायचे असतात, त्याची ती सरळ निष्पत्ती आहे. महामारीने ही रचना घडवली नाही. ती आधीपासून होती, म्हणूनच तोट्याला खाली उतरायला वाट सापडली.

मग सरकारने काय केले? २९ मार्च २०२० रोजी केंद्रीय गृहखात्याने आदेश काढला की टाळेबंदीच्या काळात मालकांनी कामगारांना पूर्ण वेतन द्यावे आणि घरमालकांनी महिनाभर भाडे मागू नये. आदेश उदात्त होता. पण पिकावर मजुरी घेणाऱ्या मागधारकाकडे मीटरवर मजुरी घेणाऱ्या विणकराचे 'पूर्ण वेतन' म्हणजे किती? माग चाललाच नाही तर मीटर नाहीत, आणि मीटर नाहीत तर मागण्यासारखे काही नाही. त्यातून हजेरीपट नाही, ओळखपत्र नाही, आणि एकाच छपराखालचे माग पत्नीच्या, भावाच्या, मेव्हण्याच्या नावावर विभागून ठेवलेले. तेव्हा मालक कोण, येथूनच सुरुवात. मोठ्या कारखानदारांनी मात्र या आदेशाला न्यायालयात आव्हान दिले. १८ मेपासून सरकारने तो मागेही घेतला, आणि १२ जून २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी ५० दिवसांच्या वेतनाबाबत आपसांत बोलणी करावीत असे सांगून विषय मार्गी लावला. आपसांत बोलणी करायला भिवंडीचा विणकर तोवर गोरखपूरला पोचलेला होता.

मे महिन्यात वीस लाख कोटींचे पॅकेज जाहीर झाले. त्यातील ज्या भागाचा लघुउद्योगांसाठी सर्वाधिक गाजावाजा झाला, तो ३ लाख कोटी रुपयांच्या तारणरहित कर्जाचा. त्याची अट वाचली म्हणजे सारे धोरण लक्षात येते: २९ फेब्रुवारी २०२० रोजी बँकेचे किंवा वित्तकंपनीचे जितके कर्ज येणे असेल, त्याच्या २० टक्के नवे कर्ज, सरकारच्या हमीवर. म्हणजे ज्याच्यावर आधीच बँकेचे कर्ज होते त्यालाच मदत. जितके कर्ज मोठे तितकी मदत मोठी. ज्याने पतपेढीतून, व्यापाऱ्याकडून किंवा बायकोचे दागिने सराफाकडे ठेवून भांडवल उभे केले, तो या हिशेबात बसतच नव्हता. भविष्य निर्वाह निधीचा मालक-कामगार दोघांचा हिस्सा काही महिने सरकारने भरला, तोही शंभरापर्यंत कामगार असलेल्या नोंदणीकृत आस्थापनांचा; यंत्रमागावर निधीचे खातेच नसते. फेरीवाल्यांना १०,००० रुपयांचे कर्ज मिळाले. वीज बिलातील स्थिर आकाराची वसुली पुढे ढकलली गेली. बँकेचे हप्ते सहा महिने थांबले, व्याज थांबले नाही. या साऱ्या उपायांत एक सूत्र दिसते. ज्याचे उत्पन्न बुडाले त्याला उत्पन्न द्यायचे नाही, कर्ज द्यायचे. आणि कर्ज द्यायचे ते ज्याची पत आधीच सिद्ध आहे त्याला. रोख मदत मिळाली ती जनधन खात्यांतील स्त्रियांना, महिना ५०० रुपये, तीन महिने. शिधापत्रिकेवर माणशी पाच किलो धान्य मोफत मिळाले, ही खरी मदत होती आणि तिने असंख्य कुटुंबे तगली. पण शिधापत्रिका गावी होती आणि माणूस भिवंडीत.

पुरवठा साखळीचा विषय निघाला की त्या दिवसांतील एक घटना आठवल्यावाचून राहत नाही. ८ मे २०२० च्या पहाटे तत्कालीन औरंगाबाद जिल्ह्यातील करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली सापडून मृत्युमुखी पडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात काम करणारे हे मजूर मध्य प्रदेशातील आपल्या गावी जाण्यासाठी भुसावळच्या दिशेने पायी निघाले होते. प्रवासी गाड्या बंद होत्या. मालगाड्या बंद नव्हत्या, कारण मालाची वाहतूक अत्यावश्यक ठरवलेली होती. श्रमिक गाड्या १ मेपासून, म्हणजे पाच आठवड्यांनंतर सुटू लागल्या. त्यांचे भाडे मजुरांकडून घेऊ नये, हे सांगायला २८ मे रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुढे यावे लागले. कोटीहून अधिक स्थलांतरित मजूर आपापल्या राज्यांत परतले, हा आकडा सप्टेंबर २०२० मध्ये श्रमखात्याने लोकसभेत दिला. वाटेत किती मेले याची नोंद ठेवलेली नाही, असे उत्तर त्याच अधिवेशनात मिळाले.

सर्व कष्टकऱ्यांवर हा आघात एकाच रीतीने झाला असे समजणेही चूक ठरेल. मालेगावचा विणकर बहुधा मालेगावचाच. तो कोठे जाणार? एका खोलीत आठ-दहा माणसे, गल्लीत रुग्णांची वाढती संख्या आणि बंद माग, अशा अवस्थेत त्याने तो उन्हाळा काढला. बीडच्या ऊसतोड मजुराची गत याच्या अगदी उलट. साखर अत्यावश्यक असल्यामुळे देशाला घरी बसण्याचा आदेश असतानाही त्याचा कोयता चालूच राहिला. मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत त्याला परतता येत नव्हते, आणि गळीत संपल्यावर जिल्ह्यांच्या सीमा बंद म्हणून परतता येईना. लाखाहून अधिक तोडणी मजूर एप्रिलच्या मध्यापर्यंत कारखान्यांच्या आसपास पालांत अडकून होते. येथे कायद्याची एक गंमतही नोंदवावी. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्यात ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, प्रवासखर्च आणि विस्थापन भत्ता अशा तरतुदी होत्या. बीडचा मजूर बेळगावकडे गेला तर तो या कायद्याखाली येई. कोल्हापूरला आला तर येत नसे. अर्थात कोठेच अंमल नसल्यामुळे दोघांच्या स्थितीत फरक पडत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

आणि मासिक वेतनाचा वर्ग? राज्य सरकारने मार्च २०२० चे वेतन दोन टप्प्यांत देण्याचे ठरवले. पहिल्या दोन श्रेणींना निम्मे आधी, निम्मे मागाहून. त्यावर शिक्षक-प्राध्यापकांत आणि कर्मचाऱ्यांत केवढी अस्वस्थता पसरली होती! मिळणारच असलेला पगार काही आठवड्यांनी मिळणार, एवढाच तो प्रश्न होता. सीएमआयई या संस्थेच्या अंदाजाप्रमाणे एप्रिल २०२० या एका महिन्यात देशातील १२ कोटींहून अधिक लोकांचे काम गेले, आणि त्यांतील ९ कोटींच्या आसपास छोटे व्यापारी व मजूर होते. एप्रिल ते जून या तिमाहीत राष्ट्रीय उत्पन्न सुमारे एक चतुर्थांशाने घसरले. पण ही घसरण प्रत्येकाच्या ताटातून एक चतुर्थांश भाकरी कमी करून झाली नाही. पुष्कळांचे ताट भरलेलेच राहिले, म्हणून उरलेल्यांचे रिकामे झाले.

माग पुन्हा सुरू झाले तेव्हा उतरंडीचा दुसरा भाग घडला, आणि त्याकडे पहिल्यापेक्षाही कमी लक्ष गेले. २०२० च्या अखेरीपासून सुताचे भाव चढू लागले ते चढतच राहिले. मे २०२२ मध्ये रुईचा भाव ३५६ किलोच्या खंडीला १ लाख रुपयांच्या वर गेला. तोवर बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातला बराचसा कापूस विकला गेलेला होता, तेव्हा या भाववाढीचा मोठा वाटा साठेबाजाकडे गेला हे सांगायला नको. सरकारने १४ एप्रिल २०२२ पासून कापसावरील ११ टक्के आयात शुल्क काही काळ माफ केले. त्याचा लाभ परदेशी गाठी मागवण्याची ऐपत असलेल्या सूतगिरण्यांना. छोट्या मागधारकाला सूत रोखीने घ्यावे लागते आणि कापड उधारीवर विकावे लागते. सुताचा भाव दीडपट झाला की तेवढाच धंदा करायला दीडपट भांडवल लागते. टाळेबंदीत भांडवल खाऊन बसलेल्याने ते आणायचे कोठून? त्याने स्वतःचे सूत घेणे सोडले आणि तो व्यापाऱ्याचा खर्चीवाला झाला. जो आधीच खर्चीवाला होता त्याने माग भंगारात काढले. बंदीत एकदा आणि तेजीत दुसऱ्यांदा अशी दुहेरी किंमत लहानाने मोजली, आणि त्याच अवधीत मोठ्याची बाजारावरील पकड घट्ट झाली. यालाच साखळी सांधली गेली असे म्हणतात.

येथे चळवळीच्या कार्यकर्त्यांनी स्वतःच्या भूमिकेकडेही कठोरपणे पाहिले पाहिजे. त्या काळात दोन सोपे मार्ग चोखाळले गेले. काही ठिकाणी संघटनांनी सारी शक्ती आठ मागांच्या मालकाकडून वेतन वसूल करण्यात खर्ची घातली. त्याच्यापाशी द्यायला काही नव्हते, आणि ज्याच्यापाशी होते तो व्यापारी या भांडणात कोठेही दिसला नाही. अन्य ठिकाणी छोट्या उद्योजकाची कणव येऊन कामगाराचा प्रश्नच बाजूला ठेवला गेला; मालक जगला तर कामगार जगेल, हे भांडवलदारांचे जुने वचन समाजवादी मुखांतून ऐकू येऊ लागले. दोन्ही भूमिका अपुऱ्या आहेत. खर्चीवाला हा एकाच वेळी पिळला जाणारा आणि पिळणारा आहे. व्यापाऱ्यापुढे तो मजूर असतो आणि विणकरापुढे मालक. थकलेली मजुरी मागताना तो कामगाराचा स्वाभाविक मित्र ठरतो. बारा तासांच्या पाळीचा आणि हजेरीपटाचा प्रश्न निघाला की तोच पहिला विरोधक. हे द्वैत मान्य करूनच त्याच्याशी व्यवहार करावा लागेल. त्याच्यावर दया दाखवल्याने किंवा त्याला मिलमालकाच्या रांगेत बसवल्याने ते सुटत नाही.

तोटा वरून खाली येतो तर जबाबदारीही त्याच वाटेने वर नेता आली पाहिजे, आणि महाराष्ट्राला हे नवे नाही. १९६९ च्या माथाडी कायद्याने हमालाचा मालक कोण, हा न सुटणारा वाद बाजूला ठेवला. जो माल उचलवून घेतो त्याने मजुरी आणि तिच्यावर ठरावीक लेव्ही मंडळाकडे भरायची, मंडळाने ती हमालाला द्यायची आणि त्याच्या निधीची, रजेची व्यवस्था करायची. विणकराच्या बाबतीतही मालक कोण, हा प्रश्न याच पद्धतीने निकालात निघू शकतो. कापड प्रत्येक घरातल्या मागावर मोजता येणार नाही. पण सायझिंगमध्ये सूत मोजले जाते आणि प्रोसेस-हाउसमध्ये कापड मोजले जाते. लेव्ही तेथे बसवावी, व्यापाऱ्याच्या खात्यावर. यंत्रमाग कामगारांसाठी कल्याण मंडळाची मागणी फार जुनी आहे. तिला ही आर्थिक बैठक दिल्यावाचून ती अनुदानाच्या भिकेवर अवलंबून राहील. मंडळ नसल्याची किंमत एप्रिल २०२१ मध्येच कळली होती. दुसऱ्या लाटेच्या निर्बंधांबरोबर राज्य सरकारने नोंदणीकृत बांधकाम मजूर व घरकामगार आणि परवानाधारक रिक्षाचालक व फेरीवाले यांना प्रत्येकी १,५०० रुपये जाहीर केले. रक्कम तुटपुंजी होती, तरी ज्याची नोंद होती त्याचा किमान विचार झाला. यंत्रमाग कामगार त्या यादीत नव्हता.

पैसा कोठून आणायचा, या प्रश्नाचेही उत्तर राज्याच्या इतिहासात आहे. १९७२-७३ च्या दुष्काळात सरकारने शेतमजुराला कर्ज देऊ केले नाही. कामे काढली, आणि ऐन उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे त्या कामांवर होती. त्यातून रोजगार हमीचा कायदा झाला आणि तिच्या खर्चासाठी १९७५ मध्ये व्यवसाय कर बसला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापला जाणारा हा कर खेड्यातल्या खडी फोडणाऱ्या हातांसाठी होता, याची आठवण आज किती नोकरदारांना असेल? २०२०-२१ मध्ये गावी परतलेल्यांना ग्रामीण रोजगार हमीने सावरले. त्या एका वर्षात देशभर ३८० कोटींहून अधिक मनुष्यदिवसांचे काम निघाले. शहरात तशी हमी नव्हती आणि अद्यापही नाही. मागावर बसलेल्या माणसाला काम गेल्यावर गावीच का जावे लागले, याचे एक कारण हेही आहे.

दरम्यान कायद्याची चौकट बदलली आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या आणि १९७९ चा कायदा इतिहासजमा झाला. स्वतःहून आलेल्या मजुराचाही नव्या व्याख्येत समावेश आहे, हे योग्यच. परंतु पाच मजुरांचा उंबरठा दहावर गेला आहे आणि विस्थापन भत्ता वगळण्यात आला आहे. दहा स्थलांतरित मजूर एका नावावर दाखवणारा मागवाला भिवंडीत शोधून सापडणार नाही. दुसरीकडे, लघुउद्योगाचे पैसे ४५ दिवसांत न दिल्यास ती रक्कम प्रत्यक्ष देईपर्यंत प्राप्तिकरात खर्च म्हणून वजा धरली जाणार नाही, ही तरतूद एप्रिल २०२४ पासून लागू आहे. व्यापाऱ्याच्या 'न देण्याच्या सोयी'वर पडलेला हा पहिला खराखुरा कर होय. तिचा उपयोग नोंदणी असलेल्या खर्चीवाल्यालाच होतो, आणि नोंदणी केली तर व्यापारी बिम देणार नाही या धास्तीने कित्येक जण ती टाळतात. एकट्याने नोंदणी करणारा बिमाला मुकेल. गावातल्या सर्वांनी एकाच महिन्यात केली तर व्यापाऱ्याला बिम दुसरीकडे नेता येणार नाही. दर वर्षी दिवाळीच्या आधी यंत्रमाग गावांत बोनसाच्या वाटाघाटी होतात, तेव्हा मागधारक आणि कामगार समोरासमोर बसतात. या वर्षी त्या बैठकीला जाण्यापूर्वी कार्यकर्त्यांनी दोन वह्या तयार ठेवाव्यात: एकीत प्रत्येक शेडमधील कामगारांची आणि त्यांच्या खानावळींची नावे, दुसरीत कोणत्या व्यापाऱ्याकडे कोणाची किती महिन्यांची मजुरी थकली आहे त्याची नोंद. बोनसाची बोलणी दुसऱ्या वहीपासून सुरू करावी आणि पहिलीवर मागधारकाची सही घ्यावी.